सवलत क्षेत्रफळावर नको, मूल्यावर द्या

मुंबईतील मालमत्ता करमाफीची मर्यादा ५०० वरून ७०० चौरस फुटांपर्यंत वाढवण्याच्या मागणीविषयी वाचले. छोट्या घरांना दिलासा मिळावा याबद्दल दुमत नाही. मात्र घर छोटे म्हणजे मालक गरीब, हे गृहीतकच मुंबईत टिकत नाही.

१ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाली. तिला पत्त्याची अट नाही. त्यामुळे मलबार हिलवरचा कोट्यवधींचा ४८० फुटी फ्लॅट करमुक्त, आणि दहिसरला ५५० फुटांत तीन पिढ्या नांदणारे कुटुंब मात्र कर भरते. त्या कुटुंबाच्या हाती सर्वसाधारण करापासून वृक्ष उपकरापर्यंत रकान्यांनी भरलेले देयक येते. हा कोणता न्याय?

विशेष म्हणजे पालिका २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावरच, म्हणजे घराच्या बाजारभावाशी निगडित किमतीवरच आकारते. शीघ्र सिद्ध गणकातील (रेडी रेकनर) सरकारी दर, इमारतीचे वय, वापर हे सगळे तिच्या दप्तरी आहेच. मग कर मूल्यावर आणि माफी क्षेत्रफळावर, अशी दोन मापे कशासाठी? २०१७ मध्ये जकात गेल्यापासून मालमत्ता कर हा पालिकेचा मोठा आधार आहे. मर्यादा सरसकट वाढवली तर महागड्या वस्त्यांतील आणखी घरे सुटतील आणि तेवढी रक्कम रस्ते, दवाखाने, शाळांना कमी पडेल.

करमाफीसाठी भांडवली मूल्याची मर्यादा ठरवावी आणि तिच्या आतील घराला, मग ते ४०० फुटांचे असो वा ६५०, सवलत द्यावी. नव्या निर्णयाआधी पालिकेने विभागवार लाभार्थ्यांची आकडेवारीही जाहीर करावी.

– एक करदाता, दहिसर (पूर्व)