गाडीच्या पोटाखाली कोण बघतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मे महिना संपत आला की सगळ्याच पेपरांत एक ठरलेला मजकूर येतो, पावसाळ्याआधी गाडीची काळजी कशी घ्याल, वायपर बदला, टायर किती झिजलेत बघा, बॅटरी तपासा वगैरे, आणि ते बरोबरच आहे म्हणा, पण गाडीच्या पोटाखाली वाकून पत्रा गंजलाय का बघा असं कुणी लिहीत नाही. वाकणार कोण हाही प्रश्न आहेच. माझं वय ५८, गुडघे दोन्ही बोलतात, मीही कधी वाकलो नव्हतो, आणि त्याचीच शिक्षा मिळाली म्हणून हे पत्र.

माझ्याकडे २०११ ची डिझेल हॅचबॅक आहे, यंदा १५ वर्षं पूर्ण होतायत, म्हणजे आरटीओत पुन्हा पासिंग, ग्रीन टॅक्स सगळं आलं. मुलगा म्हणतो विकून टाका बाबा, पण इंजिन अजून खणखणीत आहे आणि नवीन गाड्यांच्या किमती ऐकल्या की मला जुनी गाडी आणखीच आवडायला लागते. तर २०१९ मध्ये, जूनच्या पहिल्या आठवड्यात, एका वॉशिंग सेंटरवर मी अंडरकोटिंग, म्हणजे खालच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून मारतात तो थर, करून घेतलं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, तिथे आता दुसरंच काहीतरी आहे. सकाळी १० ला गाडी दिली, १ वाजता फोन आला, काका गाडी रेडी आहे. ३२०० रुपये. खाली मोबाईलचा टॉर्च मारून दाखवलं, सगळं काळंभोर चकाचक, नवीन तव्यासारखं. मी खूश. तीन तासात काम, अजून काय पाहिजे माणसाला.

दोन-अडीच वर्षांनी सायलेन्सरचं काम निघालं म्हणून नाना पेठेत ओळखीच्या डेंटरकडे, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणाऱ्याकडे, गेलो. त्याने गाडी वर घेतली, ड्रायव्हरच्या दाराखालचा जो लांब पत्रा असतो तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं आणि मग टोक नुसतं टेकवलं तर ते आरपार आत गेलं. काळा थर तसाच लोंबतोय आणि मागे पत्राच नाही, पापडासारखा चुरा. तो थर त्याने ओढून काढला तर आतून वाळलेली लाल माती पडली, आमच्या कोकणातली. म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीला नाही, तुमच्या चिखलाला रेनकोट घातलाय त्यांनी." हे वाक्य मी अजून विसरलो नाही.

झालं काय होतं तर गाडी नीट धुतलीच नव्हती, वरवर पाणी मारून, ओलीच असताना वर स्प्रे मारून दिला. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात, मीठ असेल तर मग विचारूच नका, आणि ओल्या चिखलावर जाड थर दिला की ओल आतच कोंडते, बाहेरून काही दिसत नाही आणि आतून पत्रा निवांत सडत राहतो. उघडा पत्रा निदान उन्हात वाळला तरी असता. म्हणजे मी ३२०० रुपये देऊन गाडी लवकर सडवून घेतली. भरीस भर म्हणजे दाराच्या खालच्या कडेला आणि त्या लांब पत्र्याला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, तीही त्या काळ्या मसाल्याने बुजवून टाकलेली. पावसात दार उघडलं की आत खळखळ असा आवाज यायचा आणि मी समजायचो की बाटली घरंगळतेय. बायको दोन पावसाळे म्हणत होती की दारात पाणी आहे. ऐकलं नाही.

त्यानंतर पत्रा कापून नवीन तुकडा वेल्डिंग केला, आणि आता कोटिंग कुणाकडून करायचं हा शोध सुरू झाला, आणि या शोधात जे कळलं ते सांगायचंय. पुण्यात हे काम करणारे ढीगभर आहेत, कात्रजपासून भोसरीपर्यंत प्रत्येक रस्त्यावर अँटीरस्टचा बोर्ड आहे, पण माल कुठल्या कंपनीचा याला मी आता फार महत्त्व देत नाही. मी एकच प्रश्न विचारतो, गाडी धुतल्यावर किती वेळ वाळवता? पाच ठिकाणी विचारला. एकाने सांगितलं "काका, माल वॉटरप्रूफ आहे, वाळवायची गरजच नाही." तिथून लगेच निघालो. दुसऱ्याने एअर मारतो सांगितलं, ते बरं आहे पण कोपऱ्यात, दोन पत्र्यांच्या जोडात शिरलेलं पाणी नुसत्या एअरने निघत नाही. तिसऱ्याकडे रॅम्पच नव्हता, जॅकवर एक बाजू उचलून आडवं पडून स्प्रे मारणार, म्हणजे मधला निम्मा भाग रामभरोसे. चौथ्याकडे सगळं झकपक, एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन, आणि भिंतीवर पाटी, काम चालू असताना ग्राहकांनी आत येऊ नये. आता पुणेकर माणूस पाट्यांना घाबरत नाही, पाट्या लावायचा धंदा आपलाच, पण ही पाटी वाचली आणि परत फिरलो. पोटाखालचं काम आहे, मालकाला एरवी कधीच दिसणार नाही, तेच दाखवायचं नसेल तर मग काय बोलायचं.

पाचवा नऱ्ह्यात, साधी पत्र्याची शेड, पण टू पोस्ट लिफ्ट होती, दोन खांबांवर अख्खी गाडी वर उचलणारी. तो म्हणाला, काका गाडी दोन दिवस ठेवावी लागेल, पहिल्या दिवशी नुसती धुणार, चाकं काढून आतले प्लॅस्टिकचे लायनर खोलून त्यांच्या मागचा चिखल काढणार आणि रात्रभर तशीच सोडणार, दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर बघू, आणि तुम्ही स्प्रेच्या आधी येऊन बघून जा. हे "येऊन बघून जा" ऐकलं आणि मी रेटवर घासाघीस पण केली नाही. ७००० घेतले. महाग आहे, कबूल. लायनरच्या मागून जवळजवळ अर्धी बादली माती निघाली, त्यात नारळाच्या शेंड्या आणि एक आख्खी सुपारी.

तिथे बसून दोन दिवसात बरंच शिकलो (त्याचा चहाही चांगला होता). जिथे गंज धरलेला असतो तिथे तारेच्या ब्रशने सुटा गंज काढून वरून एक पातळ द्रावण लावतात, रस्ट कन्व्हर्टर म्हणतात, त्याने लाल गंज काळा पडतो. यातल्या काही द्रावणांत टॅनिक आम्ल असतं, लोखंडाशी त्याचं काळं टॅनेट होतं. हे वाचल्यावर गंमत वाटली कारण आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून जी काळी शाई करायचे त्यातही हाच प्रकार, हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह. म्हणजे जुन्या शाईची विद्या आता गाडीच्या बुडाला. असो. पण लक्षात ठेवा, हे द्रावण वरवरच्या गंजाला, भोक पडलं असेल तर वेल्डिंगच.

मग वरचा थर. डांबरी किंवा रबरी जाड कोट असतो, तो खडी उडते त्याला चांगला, आवाजही जरा कमी होतो, पण काही वर्षांनी कडक होऊन तडकला की त्या फटीतून पाणी मागे जातं आणि बाहेरून कळत नाही, माझ्यासारखं. मेणाचा असतो तो मऊ राहतो, पोकळ भागात बारीक नळी घालून मारता येतो, मात्र अधूनमधून परत एक हात मारावा लागतो. आणि तेलाचा, लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी वापरून केलेलासुद्धा मिळतो, तो जोडांत झिरपत जातो पण धूळ धरतो आणि दरवर्षी परत मारायला लागतो. माझा भाचा कॅनडात आहे, तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे ही मंडळी दर हिवाळ्याआधी तेल मारून घेतात, तो मला तिकडचे व्हिडिओ पाठवत असतो. पण मामाची गाडी टोरांटोत नाही, सिंहगड रोडला आहे. पुण्यात रस्त्यावर कुणी मीठ टाकत नाही, आपलं मीठ आपण स्वतः जाऊन घेऊन येतो, गणपतीला, मे महिन्यात, ताम्हिणी किंवा वरंध घाटाने कोकणात उतरून. माझी सासुरवाडी दापोलीजवळ, गाडी आठ-आठ दिवस समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी. परत आल्यावर आपण वरून पुसतो, काच चकाचक करतो, खालून कोण धुतो. नुसत्या साध्या पाण्याने खालून धुतली तरी निम्मं काम होतं आणि त्याला कोटिंगवालाही लागत नाही.

म्हणूनच माझं मत आहे की प्रत्येकाने उठून कोटिंग करायची गरज नाही. नवीन गाडी घेताना शोरूममध्ये टेफ्लॉन, अँटीरस्ट असं पॅकेज गळ्यात मारतात, मुलीच्या गाडीच्या वेळी मलाही ५५०० सांगितले. आताच्या बहुतेक गाड्यांची बॉडी कारखान्यातच प्रायमरच्या टाकीत बुडवून काढतात, विजेने तो थर पत्र्यावर चिकटवतात, बऱ्याच पत्र्यांना जस्ताचा मुलामा असतो, खाली मोक्याच्या जागी पीव्हीसीचा थर असतो. गाडी पुण्यातच फिरणार असेल तर पहिली काही वर्षं काही न करता नुसती बघत राहिलं तरी चालतं. घेतलंच तर वॉरंटीच्या कागदावर काय लिहिलंय ते आधी वाचा, आणि पोकळ भागात मेण मारायला बॉडीला ड्रिलने नवीन भोकं पाडणार का हे विचारा. पाडणार म्हणाला तर नको म्हणा, कंपनीने ठेवलेल्या भोकांतून नळी जाते.

उलट २५ जुलै २०२४ ला आमच्या सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या त्यांनी तर खालून तपासून घ्यायलाच हवं. इंजिन, गालिचे, सीट सगळ्यांनी बघितलं, पण त्या लांब पोकळ पत्र्यात गाळ जाऊन बसतो तो कुणाच्या लक्षात येत नाही.

अजून एक, नऱ्ह्याच्या त्या माणसाने स्प्रेच्या आधी पाऊण तास नुसते कागद आणि टेप लावण्यात घालवला. सायलेन्सर, ब्रेकची डिस्क, रबरी बुश, सेन्सर, ऑइल काढायचा बोल्ट, सगळं झाकलं. सायलेन्सरवर माल पडला तर तापल्यावर धूर आणि वास, ब्रेकवर पडला तर काय होईल ते सांगायला नको. सीएनजीवाल्यांनी जास्त लक्ष द्यावं, खालून जी पाइप जाते तिच्या जोडांवर थर बसला तर उद्या लीक तपासणार कसं. इलेक्ट्रिकवाल्यांनी तर बॅटरीच्या आणि जास्त दाबाची वीज नेणाऱ्या त्या नारिंगी केबलच्या आसपास कंपनीला विचारल्याशिवाय कुणाला हातच लावू देऊ नये. आणि काही जुने ट्रकवाले अजून जळकं ऑइल मारायचा सल्ला देतात, स्वस्त पडतं म्हणून. त्याने रबर फुगतं, आणि रस्त्यावर ठिबकून मागून येणारा टू-व्हीलरवाला घसरतो ते वेगळंच.

बिल पक्कं घ्या, जीएसटीसकट, १८ टक्के जास्त जातील पण त्यावर मालाचं नाव, कुठे कुठे मारला आणि किती वर्षांची हमी हे लिहून घ्या. माझ्याकडे २०१९ चं काय होतं तर व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनने लिहिलेलं "५ इयर". ते घेऊन ग्राहक आयोगात कसं जाणार.

जाताजाता महापालिकेलाही एक विनंती. धुतलेलं काळं पाणी बऱ्याच ठिकाणी सरळ गटारात आणि तिथून ओढ्यात जातं. तेल अडवायचा खड्डा कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही हे अधिकाऱ्यांनी एकदा फिरून बघावं, आणि आपणही गाडी कामाला टाकताना बघावं, कारण ज्याने तो खड्डा केलाय तो बाकीच्या कामातही बहुतेक चालूगिरी करत नाही असा माझा अनुभव आहे. एकाच गॅरेजचा अनुभव आहे, पण आहे.

संपादक साहेब, एकच मागणं, पुढच्या वर्षी तो पावसाळापूर्व काळजीचा मजकूर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छापा आणि त्यात दोन ओळी गाडीच्या पोटासाठी ठेवा. जूनमध्ये सगळे एकदम गॅरेजवर धावतात, त्यालाही घाई, आपल्यालाही घाई, आणि तेव्हा पत्रा वाळत नाही.

आपला,
एक नियमित वाचक
धायरी, पुणे