शहर सुंदर असो, पण जमीन भक्कम हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सूक्ष्मदर्शनाच्या वैज्ञानिक परिषदा अनेकदा समुद्रकाठच्या, तळ्याकाठच्या किंवा डोंगरातल्या देखण्या शहरांत भरतात. या क्षेत्राची जागतिक परिषद २०१८ मध्ये सिडनीला आणि २०२३ मध्ये बुसानला झाली. दोन्ही बंदरांची शहरे. लोक दूरवरून येतात, काही दिवस राहतात, तेव्हा शहर चांगले असण्यात काहीच वावगे नाही. मात्र सभागृह ठरवताना माणसांची सोय पाहिली जाते आणि प्रात्यक्षिकासाठी येणाऱ्या उपकरणांची राहून जाते. मग उत्तम यंत्रही धूसर प्रतिमा दाखवते आणि पाहणारा यंत्रालाच नावे ठेवून जातो.

सर्वांत मोठी अडचण कंपनांची. देखावा दिसावा म्हणून दालन वरच्या मजल्यावर घेतले जाते. जुन्या वास्तूत तर तिथली जमीन लाकडी असते. उत्तम ऑब्जेक्टिव्हखाली, म्हणजे नमुन्याजवळच्या मुख्य भिंगाखाली, हिरव्या प्रकाशात दोन बिंदू वेगळे दिसण्याची मर्यादा साधारण २०० नॅनोमीटर आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पावलांनी नमुना आणि भिंग यांच्यात अर्ध्या मायक्रोमीटरचा हेलकावा आला, तरी ही मर्यादा गाठण्याची आशा संपते. हवेवर तरंगणारे टेबल मागवले की काम झाले, असा समज आहे. पण ते टेबल स्वतःच सेकंदाला दोन-तीन वेळा डोलते. त्याहून बरीच जलद कंपने ते अडवते; पावलांची मंद कंपने त्याच्या डोलण्याशी जुळली, तर ती उलट वाढवते. म्हणून तळमजल्यावरची, थेट जमिनीवर काँक्रीट ओतलेली, लिफ्ट आणि जनित्रापासून दूरची खोली निवडावी, मग तिला खिडकी नसली तरी चालेल.

प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांच्या झोताने प्रतिमा घेणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला ट्रामचे रूळ आणि विजेच्या जाड केबलही नडतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने झोत हलतो आणि नमुन्याची सरळ कड दातेरी दिसते. कंपनानेही नेमके असेच दिसते, त्यामुळे प्रात्यक्षिक देणाऱ्यांचा घोटाळा होतो. प्रवेगक व्होल्टेज (इलेक्ट्रॉनांना वेग देणारा विद्युतदाब) वाढवून आणि नमुना भिंगाजवळ आणून पाहावे. दाते कमी झाले तर दोष बहुधा चुंबकीय क्षेत्राचा, तसेच राहिले तर कंपनाचा. ही तपासणी परिषदेच्या सकाळी नव्हे, जागा ठरवतानाच व्हायला हवी.

समुद्रकाठी दमट हवेचा त्रास वेगळा. वातानुकूलित गाडीतून आलेली पेटी लगेच उघडली, तर थंड भिंगांवर दव धरते. पेटी बंदच ठेवून रात्रभर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा निर्वात कक्ष उघडताना दमट हवा आत गेली, तर पाण्याची वाफ भिंतींना चिकटते आणि निर्वात व्हायला फार वेळ लागतो. कक्षात कोरडा नायट्रोजन सोडून मगच तो उघडावा. गोठवलेल्या नमुन्यांचे प्रात्यक्षिक अशा दालनात करूच नये. त्यांवर हवेतल्या बाष्पाचा बर्फ बसतो आणि खालचे काही दिसेनासे होते. त्यापेक्षा प्रतिनिधींना बसने यजमान प्रयोगशाळेत न्यावे. नमुने थंड ठेवणारा द्रव नायट्रोजन दालनात आणायचाच असेल, तर एक लिटरचे सुमारे ७०० लिटर वायू होतात आणि तो खोलीतला ऑक्सिजन हटवतो, हे विसरू नये. खोलीत ऑक्सिजन मोजणारे यंत्र हवे आणि नायट्रोजनच्या भांड्यासोबत लिफ्टमध्ये माणूस नको.

वातानुकूलनाचा झोत यंत्रावर येऊ देऊ नये. दहा सेंटिमीटर ॲल्युमिनियम एका अंशाच्या फरकाने दोन मायक्रोमीटरहून अधिक वाढते, आणि १.४ अंकीय छिद्रमानाच्या, म्हणजे खूप रुंद कोनातून प्रकाश घेणाऱ्या, भिंगाची स्पष्टतेची खोली (एका वेळी स्पष्ट दिसणारा थर) जेमतेम अर्धा मायक्रोमीटर असते. फोकस का सरकतो, याचे उत्तर पुष्कळदा छतातल्या वातानुकूलनाच्या जाळीत असते. व्याख्यानांच्या खोलीला जाड पडदे हवेत, कारण काळ्या पार्श्वभूमीवरचे मंद प्रतिदीप्तीचे (प्रकाश टाकल्यावर स्वतः चमकणाऱ्या रंगद्रव्याचे) चित्र उजेडात पडद्यावर दिसतच नाही.

जाणाऱ्यांसाठीही थोडे लिहितो, विशेषतः प्रथमच जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. तिथे सर्वांत मोलाचे म्हणजे आपला नमुना दुसऱ्याच्या यंत्राखाली पाहायला मिळणे. त्यासाठी उत्पादकांकडे आधीच वेळ मागून घ्यावी आणि नमुन्याचा आकार, उंची, लेप यांची माहिती पाठवावी. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठीचा (झोत पृष्ठभागावर फिरवणाऱ्या यंत्रासाठीचा) नमुना पूर्ण कोरडा आणि स्टबवर, म्हणजे धातूच्या छोट्या बैठकीवर, घट्ट चिकटवलेला असावा. ओला नमुना कक्षात वाफ सोडतो आणि बहुतेक जण तो नाकारतात. ट्रान्समिशन सूक्ष्मदर्शकासाठीची (झोत नमुन्याच्या आरपार पाठवणाऱ्या यंत्रासाठीची) ३.०५ मिलिमीटरची ग्रिड, म्हणजे नमुना धरणारी बारीक जाळी, तिच्या डबीतच, हातातल्या सामानात न्यावी. काचपट्टीवरील आच्छादन ०.१७ मिलिमीटर जाडीचे हवे; त्यात चूक झाली तर महागडे भिंगही अंधुक दाखवते. ऑस्मियम टेट्रॉक्साइडसारखी, नमुना पक्का करण्याची रसायने विमानाच्या सामानात नेता येत नाहीत, त्यामुळे ती प्रक्रिया घरच्या प्रयोगशाळेतच संपवावी. ज्याचे चित्र आपल्याकडे आधीच आहे असाच नमुना न्यावा, नाहीतर तुलना कशाशी करणार? परतताना नुसते जेपेग घेऊ नये, यंत्राच्या मूळ स्वरूपातली फाइल मागावी, कारण पिक्सेलचा आकार, लेसरची तीव्रता या नोंदी तिच्यातच असतात. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असावा. जुन्या फॅट-३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही.

आपले काम मांडणाऱ्या पोस्टरवर चित्राखाली 'वीस हजार पट' असे लिहिण्याला अर्थ नाही, चित्र लहानमोठे केले की तो आकडा खोटा ठरतो. प्रत्येक चित्रावर मापपट्टी हवी. चित्रात दोन रंग द्यायचे तर लाल-हिरव्याऐवजी किरमिजी (मजेंटा) आणि हिरवा ही जोडी वापरावी, म्हणजे लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यांनाही चित्र वाचता येते.

आयोजकांना आणखी एक विनंती. शहरदर्शन आणि पोस्टर-सत्र एकाच संध्याकाळी ठेवू नका. तरुण संशोधक पोस्टरपाशी उभा असतो आणि ज्यांनी त्याला प्रश्न विचारायचे ते नावेतून फिरत असतात. सहलीला एक दुपार मोकळी द्या, त्या वेळी व्याख्यानेही ठेवू नका, आणि पोस्टर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत लावलेलीच राहू द्या.

आपला नम्र,
सूक्ष्मदर्शन प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ