‘इश्यू’ म्हणजे नेहमी ‘समस्या’ नव्हे

महोदय,

‘इश्यू’ दिसला की ‘समस्या’ लिहायची, ही सवय भाषांतराचा घात करते. मासिकाचा इश्यू म्हणजे अंक, शेअर बाजारातला म्हणजे समभागविक्री. चूक खरी महागात पडते ती कायद्याच्या कागदांत. मृत्युपत्रातले ‘विदाउट इश्यू’ म्हणजे निःसंतान. तिथे ‘विनासमस्या’ लिहिले तर वारसाहक्काचे कलमच निरर्थक होते. दिवाणी दाव्यात वादीने मांडलेली महत्त्वाची बाब प्रतिवादी नाकारतो, तेव्हा न्यायालय त्यावर इश्यू ‘फ्रेम’ करते, म्हणजे वादप्रश्न निश्चित करते. भाषांतरकाराने आधी शेजारचे क्रियापद पाहावे, मग त्या जागी ‘ऑफस्प्रिंग’ (संतती), ‘प्रॉब्लेम’, ‘एडिशन’ असे इंग्रजी पर्याय घालून वाक्य वाचावे. जो बसेल, त्याचाच मराठी शब्द घ्यावा.

– एक भाषांतरकार, पुणे