फाइलीतून दिसणाऱ्या मंडळींना

प्रति,
बेळगावच्या हृदयरोग अतिदक्षता विभागातल्या सिस्टर, ईसीजी तंत्रज्ञ, फार्मासिस्ट, फिजिओ आणि आहारतज्ज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

ब्लॉकेज उघडणाऱ्या डॉक्टरांचे आभार नातेवाईक मानतातच, कुंद्याचा बॉक्सही त्यांच्याच टेबलावर जातो. हे पत्र मात्र तुमच्यासाठी आहे. खानापूर, हुक्केरी, निपाणी भागात दवाखाना चालवणारे आम्ही फॅमिली डॉक्टर. डिस्चार्जनंतर पेशंट आमच्याकडे येतो, आणि तुम्ही काय काय केलंत ते फाइल उघडली की कळतं.

पेशंट दारात आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघतो, ही झाली शिस्त. त्याहून मोलाचं काम म्हणजे इन्फीरियर वॉलचा, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा, अटॅक दिसला की कुणी सांगायची वाट न बघता छातीच्या उजव्या बाजूला व्ही4आर ही ईसीजीची जादा लीड लावणं, म्हणजे हृदयाची उजवी बाजूही दिसते. उजव्या व्हेंट्रिकलला, म्हणजे हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याला, मार बसलेला असताना जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) गेलं तर बीपी धाडकन कोसळतं. 'पित्त झालंय' म्हणत सोडा पिऊन आलेल्या, नुसती धाप लागलेल्या मधुमेही बाईचाही ईसीजी तुम्ही तितक्याच घाईने काढता.

कणकुंबी-जांबोटीकडून भर पावसात यायचं तर घड्याळ आपल्या बाजूने नसतं. निदानापासून 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेस इंजेक्शन बेळगावला पोचण्याआधीच द्यावं लागतं. अशा वेळी सिस्टर फोनवर दोनच गोष्टी खोदून विचारतात: वजन किती आणि इंजेक्शन नेमकं किती वाजता. डोस वजनावर ठरतो, आणि 60 ते 90 मिनिटांनी काढलेल्या ईसीजीत एसटी (अटॅकमध्ये उंचावलेली रेघ) निम्म्याने खाली आली नसेल तर पेशंट थेट कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीच्या खोलीत, न्यावा लागतो. 'सकाळी दिलं' एवढ्या उत्तरावर तो हिशेब मांडता येत नाही. त्या खोदून विचारण्याचा आम्हाला पूर्वी राग यायचा, हेही इथेच कबूल करतो.

सर्वांत जास्त ऋण फार्मासिस्टचं. फाइल इंग्रजीत, दुकानाची पाटी कन्नडमध्ये, आणि गोळ्यांचा डबा सांभाळणारी सून मराठी वाचणारी. तुमच्या हातचा मराठी तक्ता नसता तर काय झालं असतं, ते सांगतो. रक्ताची गुठळी होऊ न देणारी टिकाग्रेलोर ही गोळी चालू असताना गावच्या मेडिकलमधून जुन्या चिठ्ठीवरची, त्याच कामाची ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलची कॅप्सूलही सुरू होते. मग हिरड्यांतून रक्त, काळी शी. किंवा उलट घडतं. टिकाग्रेलोरने काहींना धाप लागते, पेशंटला वाटतं हृदय पुन्हा बिघडलं, आणि तो गोळीच सोडतो. नवा स्टेंट बंद पडायला तेवढं पुरतं. तक्त्यावर तुम्ही ठळक लिहिता: 'धाप लागली तर डॉक्टरांना विचारा, गोळी आपल्या मनाने थांबवू नका. दात काढायचा असला तरी नाही. गोळी दिवसातून 2 वेळा.'

आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला प्रश्न विचारायला शिकवलं. 'तंबाखू खाता का?' म्हटलं की निपाणीकडची म्हातारी 'छे!' म्हणते. 'दात कशाने घासता?' म्हटलं की मिश्री बाहेर येते, दिवसातून चार वेळा. मिठाचंही तसंच. घरातल्या माणशी दिवसाला चहाचा एक सपाट चमचा, त्यात लोणचं-पापड आलंच, हे बरणी समोर ठेवून सांगितलं तरच पटतं.

फिजिओंनी डिस्चार्जआधी जिना चढवून बघितलेला असतो. शिवाय मनगटातून अँजिओप्लास्टी झाली असेल तर त्या हाताने आठवडाभर घागर उचलायची नाही, हे घरच्यांना बजावलेलं असतं.

आता एक मागणं. अटॅकनंतर 4 ते 6 आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) पुन्हा करायचं आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 55 च्या खाली आणायचं, ही ओळ फाइलीच्या शेवटच्या पानावर असते. ते पान आमच्यापर्यंत पोचेतो चुरगळलेलं किंवा गायब असतं. तारीख घालून ती पहिल्या पानावर, मराठी तक्त्याच्या वरच लिहाल का?

आपले,
सीमाभागातले फॅमिली डॉक्टर