स्वादुपिंड दोन्ही याद्यांत का?

नौपाडा, ठाणे

चि. ईशान यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलेस की नलिका असलेल्या ग्रंथींच्या यादीत स्वादुपिंड आहे, तर मग नलिकाविरहित ग्रंथींच्या यादीत ते पुन्हा कसे येते. मी मुद्दाम टाळले, कारण दोन वाक्यांत सांगितले असते तर तू ती पाठ करून मोकळा झाला असतास.

बहुतेक ग्रंथींचा जन्म पृष्ठभागावर होतो. गर्भावस्थेत त्वचेच्या किंवा अन्नमार्गाच्या अस्तरातील काही पेशी खालच्या संयोजी ऊतीत कोंबासारख्या शिरतात, त्या कोंबाला फांद्या फुटतात, टोकांशी स्रवणाऱ्या पेशींचे द्राक्षांसारखे घोस धरतात आणि मधला देठ पोकळ होऊन त्याची नलिका बनते. हा देठ टिकला तर ग्रंथी बहिःस्रावी. तो झिजून गेला तर स्रावाला बाहेरची वाट उरत नाही, तो भोवतीच्या केशवाहिन्यांत, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांत, उतरतो आणि ग्रंथी अंतःस्रावी होते. अवटू ग्रंथी (थायरॉइड) जिभेच्या मुळाशी उगवून मानेत उतरते; तिचा देठ सहसा नाहीसा होतो, पण जिभेच्या मागच्या भागावर त्याच्या जागी एक बारीक खळगा जन्मभर राहतो. (मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीचा गाभा चेतासंस्थेच्या मूळ पेशींपासून बनतो, त्यामुळे तो या हिशेबात बसत नाही.)

नलिका म्हणजे नुसता पाइप नव्हे. आपल्या त्वचेत साधारण 20 ते 40 लाख घर्मग्रंथी आहेत. त्यांच्या तळच्या वेटोळ्यात तयार होणारा घाम बराच खारट असतो आणि वर येताना नलिकेच्या भिंती त्यातले मीठ परत शोषून घेतात. मे महिन्यात स्टेशनवरून चालत घरी येताना घाम इतक्या वेगाने वाहतो की भिंतींना तेवढी सवड मिळत नाही. तुझ्या निळ्या शर्टाच्या पाठीवर पांढरे डाग पडायचे ते याच मिठाचे. ठाण्याच्या दमट हवेत हा घाम लवकर वाळतही नाही, त्यामुळे ग्रंथी आपले काम करत असूनही अंग थंड होत नाही.

घाम सोडून घर्मग्रंथीची पेशी शाबूत राहते. तैलग्रंथीची तऱ्हा वेगळी: तिची पेशी तेलाने भरत जाते आणि अखेर स्वतःच फुटते, म्हणजे तिथे अख्खी पेशीच स्राव होते. केसाच्या मुळाशी तो स्राव अडकला की तुझ्या नाकावर पुटकुळी येते.

आता स्वादुपिंड. प्रयोगशाळेत बावीस वर्षे स्लाइड पाहूनही मला त्याची स्लाइड आवडते. गडद रंग घेतलेल्या घोसांच्या दाटीत मध्येच फिकट, गोलसर बेटे दिसतात. घोस पाचक रस नलिकेत सोडतात. त्यातील प्रथिने पचवणारी विकरे (एन्झाइम) निष्क्रिय रूपात निघतात आणि लहान आतड्यात पोहोचल्यावरच जागी होतात, नाहीतर ती ग्रंथीलाच पचवू लागतील. ही बेटे त्याच कोंबातून जन्मलेली, पण देठापासून सुटून निघालेली आहेत. त्यांच्याभोवती केशवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि त्यांनी बनवलेले इन्सुलिन थेट रक्तात मिसळते. 1869 मध्ये पॉल लँगरहान्सने त्यांचे वर्णन केले, तेव्हा त्यांचे काम त्यालाही ठाऊक नव्हते.

पुढे 1921 मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंगने इन्सुलिन मिळवण्यासाठी याच रचनेचा आधार घेतला. नलिका बांधून टाकली की घोस सुकतात आणि बेटे तगून राहतात, मग त्यांचा अर्क काढता येईल, असा त्याचा विचार होता. नलिका बांधल्याशिवायही इन्सुलिन काढता येते हे लवकरच कळले, पण मला तो विचार फार देखणा वाटतो.

आकृती काढताना बेटांना नलिका जोडू नकोस. मागच्या वहीत तू ती जोडली होतीस.

तुझी,
आई