बारावीच्या पोरांना सीनिअरचा एक पेपर देऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, स्कॉलरशिपचे अर्ज हे रोजचं काम. मध्यंतरी त्यात 'अपार' आयडीची, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या शिक्षणाच्या नोंदींसाठीच्या बारा आकडी ओळख क्रमांकाची, भर पडली. शाळेतून निरोप गेला की आईबाप पोराला घेऊन हजर. अडायचं ते बहुतेक नावापाशी. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आडनाव आधी, आधारवर शेवटी. जन्मतारीख एकीकडे जूनमधली, दुसरीकडे सरळ एक जानेवारी. मजुरी पाडून आलेल्या एका बाईनं विचारलं, "भाऊ, हे बारा आकडे कायले लागते?" पोरीचे मार्क, क्रेडिट सारं यात जमा होईल, असं मी सांगितलं. ती "बरं" म्हणून गेली.

पण जमा होणार काय? नवं शैक्षणिक धोरण 2020 मध्येच आलं. 2021 मध्ये क्रेडिट बँकेचे, म्हणजे पूर्ण केलेला अभ्यास विद्यार्थ्याच्या नावे जमा ठेवणाऱ्या खात्याचे, नियम आले, 2023 मध्ये हा अभ्यास मोजायचा राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. साधारण तीस तासांच्या अभ्यासाला एक क्रेडिट, वर्षाला चाळीस, असा त्याचा हिशेब. त्यात शाळेचं शिक्षणही धरलं आहे. कागद उत्तम आहे. प्रत्यक्षात बारावीतल्या पोराचं हे खातं म्हणजे सुरुवातीच्या दिवसांतलं जनधनचं पासबुक. नाव बरोबर, फोटो बरोबर, शिल्लक शून्य.

माझं म्हणणं एवढंच आहे की अकरावी-बारावीत असतानाच पदवीच्या पहिल्या वर्षाचा एखादा पेपर द्यायची मुभा मुलांना मिळावी, आणि पुढे पदवीला गेल्यावर ते क्रेडिट तिथे धरलं जावं. ही काही जगावेगळी मागणी नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यानं 1985 मध्येच तसा कायदा केला. तिथली अकरावी-बारावीची मुलं कॉलेजात जाऊन बसतात आणि शिकवणीची फी सरकार भरतं. एवढ्या लांब जायचीही गरज नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या पोराला आपल्याकडे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतोच. म्हणजे आधी शिकलेलं पुढे मोजायचं, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. मग बी.ए., बी.एस्सी.च्या वाटेवरच्या मुलानं काय घोडं मारलं?

आमच्याकडे तर ही सोय करायला वीटही रचावी लागणार नाही. तालुक्याच्या कॉलेजात ज्युनिअर आणि सीनिअर एकाच आवारात भरतात. संस्था एक, ग्रंथालय एक, रसायनशास्त्राची प्रयोगशाळाही एकच. माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिची बॅच ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट भरून टायट्रेशन करते, फ्लास्कमध्ये फिका गुलाबी रंग टिकला की रीडिंग घेते, वही सरांकडे देऊन बाहेर पडते. त्याच ओट्यावर, तेच ब्युरेट धुऊन, बी.एस्सी. पहिल्या वर्षाची बॅच उभी राहते. माझा पुतण्या त्या बॅचमध्ये आहे. मी त्याला विचारलं, नवीन काय शिकला? म्हणाला, "काका, अर्धं तर बारावीचंच हाय, फक्त जर्नल जाड झालं."

अर्धं नसेल, पोरगा वाढवून सांगत असेल. तरी जे खरंच पुन्हा होतं त्यासाठी पुन्हा फी, पुन्हा खोलीभाडं आणि पुन्हा सहा महिने कशाला?

बोर्डाचं ओझं असताना हे आणखी कशाला, असं कुणी म्हणेल. ज्यांना नीट किंवा सीईटी द्यायची आहे त्यांच्यासाठी हे नाहीच. त्यांतली बरीच मुलं तशीही नाव खेड्यातल्या ज्युनिअर कॉलेजात ठेवून अकोल्याला नाहीतर नागपूरला क्लासला असतात. (इकडे हजेरीपटावर ती रोज हजर असतात, तो वेगळा विषय आहे.) मागे उरतात ती इथंच बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणारी. त्यांच्यापुढे निम्मा रिकामा वर्ग असतो आणि हाताशी वेळ असतो.

खरा वेळ तर परीक्षेनंतरचा. 2025 मध्ये बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारीला सुरू झाली आणि निकाल 5 मे रोजी लागला. सीनिअरचे वर्ग खऱ्या अर्थानं भरायला जुलै उजाडतो, कधी ऑगस्टही. हे चार महिने शहरातल्या मुलासाठी सुट्टीचे असतील. आमच्याकडे या काळात मुलं मजुरीला जातात, पुण्याकडे कंपनीत लागतात, आणि मुलींची स्थळं पाहिली जातात. मे महिन्यातल्या मांडवात बसलेली पोरगी जुलैत कॉलेजचा फॉर्म भरायला माझ्या काउंटरवर क्वचितच येते. तिच्या खात्यात पदवीचे चार क्रेडिट आधीच जमा असते, तर निदान घरात बोलायला तिच्याकडे काहीतरी असतं. सासरच्या गावाहून पुढचं पूर्ण करायलाही ते चाललं असतं.

आणि पासाचं पाहा. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, पण बारावीपर्यंतच. पदवीला गेली की तिकिटाचा नाहीतर सवलतीच्या पासाचा खर्च सुरू होतो. शंभर-दोनशे रुपयांवरून शिक्षण थांबत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी सोयाबीन पडत्या भावानं विकल्याच्या महिन्यात माझ्या केंद्रावर येऊन बसावं. पास फुकट आहे तोवर पदवीचं जेवढं पदरात पडेल तेवढं पाडून घ्यावं, हा साधा व्यवहार आहे.

ऑनलाइन अभ्यासक्रम आहेतच, असंही सांगितलं जातं. 'स्वयम' या सरकारी संकेतस्थळावर चांगले अभ्यासक्रम आहेत, शिकायला पैसे लागत नाहीत. परीक्षेला मात्र फी भरून केंद्र गाठावं लागतं. शिवाय लोडशेडिंगच्या वेळी व्हिडिओ कसा अडकतो, हे मी दिवसभर पाहतो. समोर फळा आणि शिकवणारा माणूस असताना मोबाइलकडे बोट दाखवणं मला पटत नाही.

अडचण खरी आहे ती शिक्षकांची. ज्युनिअर आणि सीनिअरची पदं वेगळी, वेतनश्रेणी वेगळी. सीनिअरला आधीच कितीतरी तास तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक घेतात आणि त्यांचं मानधन रखडतं. बारावीची मुलं वर्गात वाढवून त्यांना एक पैसाही जास्त द्यायचा नसेल तर ही योजना पहिल्याच वर्षी बसेल, हे आधीच सांगून ठेवतो. नापास झालेल्याचा शेराही खात्यावर राहू नये. सतरा वर्षांच्या पोरानं हिंमत करून पेपर दिला आणि तो अडला, तर तो डाग पदवीपर्यंत का न्यावा?

अमरावती विद्यापीठानं आणि बोर्डानं एकत्र बसून, निदान एकाच आवारात दोन्ही विभाग असलेल्या काही कॉलेजांत येत्या उन्हाळ्यात एका पेपरपासून सुरुवात करावी. मराठी, इतिहास, वनस्पतिशास्त्र, काहीही चालेल. फक्त वर्ग सकाळी सात ते दहा ठेवावेत, कारण त्यानंतर आमच्याकडे मे महिन्यात रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आणि एसटीच्या आगारप्रमुखांना आधी कळवावं. शाळेच्या वेळच्या फेऱ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद होतात, आणि फुकट पासाची मुदतही तेव्हा संपलेली असते.

आपला,
एक सेवा केंद्रचालक आणि पालक
जि. यवतमाळ