तरडगावच्या तळावरच्या ड्रायव्हर माऊलींना

माऊली,

रामकृष्ण हरी.

वारीत सगळेच सगळ्यांना माऊली म्हणतात, त्यात तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गाडी लातूर पासिंगची होती आणि तुम्ही आमच्या शेजारच्या दिंडीचं सामान घेऊन चालला होता, एवढंच माहीत आहे. तेवढ्यावर तुम्हाला शोधणं अवघड. म्हणून हे उघडंच लिहिते. तुमच्या घरातलं कुणीतरी वाचून दाखवेल अशी आशा आहे.

तुम्ही आमची ताडपत्री बांधून दिलीत ती लोणंदहून निघाल्यानंतरच्या मुक्कामी. त्याच्या आदल्या रात्री काय झालं होतं ते तुम्हाला आम्ही कुणी सांगितलं नव्हतं, ते आधी सांगते. पहाटे तीनला आमच्या आत्याबाई बाहेर जायला उठल्या. वय सत्तरीच्या पुढे. अमावास्येचा अंधार. तंबूवाल्यानं तणावे बांधले होते काळ्या प्लॅस्टिकच्या दोरीचे, तेही वाटेत, घोट्याच्या उंचीवर. आत्याबाई अडखळल्या आणि मनगटावर पडल्या. तंबूवाल्याला जाब विचारला तर म्हणाला, "बघून चालायचं ना." पैसे मात्र त्यानं आळंदीतच मोजून घेतले होते. आमच्या दिंडीच्या कारभाऱ्यांनी त्याच्यावर कडी केली. म्हणाले, "वारीत थोडा त्रास व्हायचाच, माऊली. देव परीक्षा बघतो." मला तेव्हाही राग आला होता आणि लिहिताना आताही येतोय. दोरी काळी घ्या, वाटेत बांधा, असं देवानं कुणाच्या कानात सांगितलं होतं? आपल्या कामातला हलगर्जीपणा पांडुरंगाच्या नावावर खपवायची ही सवय वारीइतकीच जुनी असावी.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व दौडत गेले, टापांखालची माती कपाळाला लागली, आत्याबाईसुद्धा बांधलेला हात विसरून नाचल्या. आणि तळावर येऊन बघतो तो बायकांचा तंबूच नाही. मधला डांब मोडला म्हणे. "आजच्या दिवस ॲडजस्ट करा."

तिथला वारा तुम्हाला मी काय सांगणार. फलटणच्या बाजूला पाऊस हात राखून पडतो, पण पश्चिमेचा वारा एकदा सुटला की मोकळ्या माळावर त्याला अडवायला काही नसतं. आमच्या पुरुषमंडळींनी सामानावरची ताडपत्री काढली आणि चार कोपरे मिळेल त्याला बांधले. एक कोपरा बाभळीला, एक पाण्याच्या टँकरला! टँकर थोड्या वेळानं निघून जाणार आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दिंडीतले एक निवृत्त ओव्हरसियर खुर्चीत बसून सूचना देत होते. पहिली सर आली तशी ताडपत्री मधे पोट धरून खाली आली आणि सगळं पाणी अंथरुणांवर.

तेव्हा तुम्ही केबिनमधून उतरलात. खांद्यावर टॉवेल, हातात पहार. कुणाला नाव ठेवलं नाहीत, "हे असं नसतं" म्हणाला नाहीत. आम्ही मारलेल्या निरगाठी एकेक करून सोडवल्यात, तेवढ्यात काय ते कळलं. मग जाड दोर गाडीच्या हुकातून समोरच्या बांबूपर्यंत ताणून आधी आढं केलंत आणि ताडपत्री त्यावर टाकलीत. वाऱ्याकडची बाजू जवळजवळ जमिनीला टेकवलीत, उघडी बाजू पूर्वेला. मी शेजारी दोरी धरून उभी होते म्हणून बघता आलं. कोपरे तुम्ही कडेच्या रेषेत न ओढता तिरके, कर्णाच्या दिशेनं ओढायला लावलेत आणि मधल्या चुण्या एकदम नाहीशा झाल्या. मेखा ठोकताना त्यांची डोकी ताडपत्रीपासून बाहेरच्या बाजूला झुकवलीत. एका कोपऱ्याची रिंग आधीच फाटलेली होती. तिथं तुम्ही कापडात एक गोटा धरून वरून दोरी आवळलीत आणि म्हणालात, "आता हे रिंगंपेक्षा पक्कं." एक कोपरा मुद्दाम खाली ठेवलात, पाणी तिकडून निघून जावं म्हणून. ओव्हरसियरसाहेब तोपर्यंत खुर्चीतून उठून मेख धरायला आले होते, हे नमूद करायला हवं.

शेवटची ती गाठ. मालाच्या गाडीवर ताडपत्री आवळताना तुम्ही लोक घालता ती. दोरीत मधेच एक घर करायचं, टोक मेखेला वळसा घालून त्या घरातून परत ओवायचं आणि अंग मागं टाकून ओढायचं. एका हिसक्यात असा ताण बसला की वरून थाप मारली तर पखवाजासारखा आवाज यावा. मी थाप मारून बघितली. तुम्ही हसलात.

इथपर्यंतच असतं तरी मी आभार मानलेच असते. पण पत्र लिहिते आहे ते त्याच्यानंतरच्या गोष्टीसाठी.

समाज आरती झाली, माणसं जेवायला पांगली, तुमचं काम संपलं होतं. आत्याबाईंच्या मनगटाची पट्टी बघून तुम्ही विचारलंत, "हाताला काय झालं, माय?" त्या म्हणाल्या, "दोरी दिसली नाही." तुम्ही काहीच बोलला नाहीत. हळहळला नाहीत, तंबूवाल्याला शिवीही दिली नाहीत. गाडीत चढलात आणि एक पांढरं उपरणं घेऊन आलात. धुतलेलं, घडी न मोडलेलं. मी "अहो राहू द्या" म्हणेपर्यंत दातानं कड तोडून तुम्ही ते उभं फाडलंही होतं. मग एकेका तणाव्याला गुडघ्याच्या उंचीवर एकेक पट्टी बांधत गेलात. "बाया रातच्याला उठतेत. दोरी दिसाया पायजे." आमच्या दोऱ्यांची झाली तसे शेजारी आमच्या त्या तंबूवाल्याच्या काळ्या दोऱ्यांकडे वळलात. त्याच्या! तो बघत उभा होता.

त्या रात्री पाऊस लागून राहिला. कधीतरी जाग आली तर बाहेर कुणीतरी बॅटरी घेऊन फिरत होतं, दोऱ्या चाचपत, सैल पडलेली पुन्हा आवळत. आम्ही चाळीसेक बायका आत कोरड्या होतो. आत्याबाई पहाटे उठल्या आणि कुणाला न उठवता एकट्या जाऊन आल्या. सत्तरीच्या बाईला एकटीनं जाऊन येता येणं काय असतं, ते त्या वयाच्या बाईलाच विचारावं. दर वेळी सुनेला हलवून उठवायचं, तिची झोपमोड केल्याबद्दल मनातून ओशाळायचं, त्यापेक्षा पाणीच कमी प्यायचं असं करत बायका पंढरपूरपर्यंत जातात. व्यवस्थेच्या बैठकीत यातलं काही निघत नाही. तिथं मंडप, भोंगे आणि सत्काराच्या नारळांचा विषय असतो.

हैबतबाबांनी १८३२ च्या सुमारास हा सोहळा आजच्या रूपात सुरू केला, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला. त्यांचा मान आजही आहे आणि तो असावाच. पण त्या तंबूच्या मेखा पहिल्या वर्षी कुणी ठोकल्या, रात्री पावसात उठून तणावे कुणी बघितले, त्याची कुठं नोंद नाही. असा कुणीतरी असणारच, नाहीतर पुण्याच्या पुढं सोहळा गेला नसता. वाटेवर बिस्किटांचा पुडा हातात देताना फोटोसाठी थांबवणारेही पुष्कळ भेटतात. त्यांचंही पुण्य त्यांना मिळो. मला तुमच्यासारख्यांचं अप्रूप जास्त वाटतं. कारण तुम्ही दिवसाउजेडी, पोटात भूक असताना, एका अनोळखी म्हातारीच्या पहाटे तीनचा विचार केलात. आमच्या कारभाऱ्यांची आई त्याच तंबूत झोपत होती, आणि त्यांना तो सुचला नव्हता.

सकाळी तुमची गाडी पुढं निघून गेली. दोर सोडून नीट गुंडाळून तुम्ही आमच्या सामानावर ठेवला होतात. तो तुमचा होता. फलटणला शोधलं, नातेपुत्याला शोधलं, वाखरीला तर एवढी गर्दी की शोधणं सोडूनच दिलं.

यंदा आम्ही बायकांनी बैठकीत दोन गोष्टी लावून धरल्या. तंबूच्या दोऱ्या पांढऱ्या हव्यात, आणि निम्मे पैसे पंढरपुरात पोचल्यावर. कारभारी कुरकुरले, पण लिहून घेतलं. तंबूवालाही बदलला आहे, बघू. ती गाठ मी घरी गच्चीच्या कठड्याला बांधून पक्की केली आहे. माझा धाकटा मुलगा ट्रेकला जातो, त्याच्या महागड्या ताडपत्रीला आता मीच ताण देऊन दाखवते.

यंदा कुठल्या दिंडीबरोबर आहात ते कळवा. तुमचा दोर द्यायचा आहे. शिवाय आत्याबाईंनी तुमच्यासाठी एक उपरणं घेऊन ठेवलंय. दुकानदाराशी भांडून नेहमीपेक्षा दुप्पट लांबीचं घेतलं. मी म्हटलं, एवढं लांब कशाला? तर म्हणाल्या, "अर्धं फाडणारच तो. अर्धं तरी अंगावर राहील."

आपली,
तरडगावच्या तळावर दोरी धरून उभी असलेली